बोलता येतं, पण गोष्ट सांगता येत नाही

जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या फायलीत बहुधा एक ओळ असते: ‘वाचा व भाषा वयानुरूप’. आमच्या लेकीच्या फायलीतही ती होती. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी झटके आले, एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक दिसला, आणि पुढे उजव्या हातापायाचा हेमिप्लेजिया, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहण्याचा) एका बाजूचा प्रकार, असं निदान झालं. फिजिओथेरपी सुरू झाली, ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली. बोलणं जरा उशिरा आलं, पण चौथ्या वर्षी भरभरून आलं आणि भाषेचा विषय सगळ्यांनीच मिटवून टाकला.

दुसरीत गेल्यावर तो पुन्हा उघडला. जुलै २०२३ मधल्या पालकसभेत वर्गशिक्षिकेने चित्रवर्णनाच्या तासाबद्दल सांगितलं. चित्रातल्या वस्तूंची नावं मुलगी धडाधड सांगते, पण त्यांची गोष्ट होत नाही. मधल्या सुट्टीत काय झालं म्हणून विचारलं तर ‘त्याने घेतला, मग तिकडे गेले, मग बाई आल्या’ एवढंच हाती लागतं. कोणी घेतला, काय घेतला, कुठे गेले, हे उलटतपासणी घेतल्याशिवाय कळत नाही. भांडणात बाजू मांडता येत नसल्याने दोष तिच्याच माथी येतो. बाईंचं हे शेवटचं वाक्य आम्हाला गुणपत्रकापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतरच्या वर्षभरात कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने झाल्या, कशाला किती लागले आणि थेरपीच्या खोलीत नेमकं काय चालतं, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या मुलांना शब्द आहेत, वाक्यं आहेत, आणि तरी ‘काहीतरी बसत नाही’, त्यांच्यासाठी.

आधी हे होतं कशामुळे ते सांगते, कारण ‘एवढी बोलते तर गोष्ट का नाही?’ हा प्रश्न आम्हाला डॉक्टरांपासून आजीपर्यंत सगळ्यांनी विचारला. नेहमीच्या चाचण्या शब्द मोजतात आणि सुटी वाक्यं मोजतात. गोष्ट सांगताना मात्र अनेक कामं एकाच वेळी करावी लागतात: घटनांचा क्रम धरायचा, एकीमुळे दुसरी कशी घडली ते जोडायचं, पात्रांच्या मनात काय होतं ते सांगायचं, आणि हे करताना समोरच्याला काय माहीत आहे, काय नाही, यावर लक्ष ठेवायचं. लहानपणी इजा झालेला मेंदू भाषेची सोय दुसरीकडे लावून घेतो, आणि आश्चर्य वाटावं इतकी छान लावतो. पण भार वाढला की ती सोय अपुरी पडते. शिकागो विद्यापीठात ओझ्लेम देमिर, सुझन लेव्हिन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी मेंदूच्या एकाच बाजूला लवकर इजा झालेल्या मुलांच्या गोष्टी तपासल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचा शब्दसाठा आणि वाक्यरचना इतर मुलांच्या तोडीची होती, तरी त्यांच्या गोष्टी आखूड आणि रचनेने साध्या होत्या. इजा डावीकडे आहे की उजवीकडे, यावरून प्रौढांमध्ये जसा ठळक फरक दिसतो तसा मुलांच्या गोष्टींत दिसत नाही. हे सॅन दिएगोच्या ज्युडी रायली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे ‘डावी बाजू म्हणजे भाषा, उजवी बाजू म्हणजे कल्पकता’ असलं कोणी सांगू लागलं तर तिकडे फार लक्ष देऊ नये.

ऑगस्ट ते ऑक्टोबर: भाषेच्या आधीच्या तपासण्या

स्पीच थेरपिस्टकडे थेट जाता येतं, पण चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत श्रवणचाचणीचा कागद मागतो. तो नसेल तर ती भेट वाया जाते. सात वर्षांच्या मुलाची प्युअर टोन ऑडिओमेट्री होऊ शकते. हेडफोनमध्ये आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, असा तो खेळच असतो. सोबत टिम्पॅनोमेट्रीही करून घ्यावी, कारण सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असेल तर तेही कळतं. दोन्ही मिळून आम्हाला १,४०० रुपये लागले. नाक चोंदलेलं असताना जाऊ नका, चाचणी पुन्हा करावी लागते. हेमिप्लेजिया असलेल्या मुलाच्या बाबतीत ठोकळा चालत्या हाताच्या बाजूला ठेवायला सांगा. नाहीतर हाताच्या उशिराला ऐकण्याचा उशीर समजलं जातं.

त्यानंतर बालमेंदूविकारतज्ज्ञ. वेळ पाच आठवड्यांनी मिळाली. त्यांनी झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद, सांगितला. दिसणारे झटके थांबले तरी झोपेत मेंदूत विद्युतलहरींचा गोंधळ चालू राहू शकतो आणि त्याने भाषा मंदावू शकते, एखाद्या मुलाची तर मागेही जाऊ शकते. स्ट्रोक झालेल्या मुलांत ही शंका आधी फेडून घ्यायची असते. तेव्हा मूल पूर्वी सांगायचं आणि आता सांगत नाही असं असेल, तर थेरपीच्या रांगेत थांबू नका, आधी डॉक्टरांना गाठा. ईईजीच्या आदल्या रात्री केस धुऊन तेल न लावता न्यायचं, आणि मुलाला उशिरा झोपवून पहाटे उठवायचं, म्हणजे तिथे झोप लागते. रिक्षात डुलकी लागू न देणं हे त्यातलं सर्वांत कठीण काम! खर्च २,५०० रुपये. औषधांची यादीही त्याच भेटीत तपासून घ्यावी. फिट्सच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ टोपिरामेटने, शब्द आठवायला वेळ लागू शकतो. पण म्हणून औषध स्वतःहून कमी करायचं नाही, बंद तर मुळीच नाही.

तिसरी तपासणी नजरेची, आणि ती बहुतेकांकडून राहून जाते. मेंदूच्या एका बाजूला इजा असेल तर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा विरुद्ध बाजूचा भाग जाऊ शकतो. डाव्या मेंदूची इजा असेल तर उजवीकडचं दिसत नाही. चष्म्याचा नंबर काढताना हे लक्षात येत नाही, मुद्दाम तपासावं लागतं. आमच्याकडे उजवीकडचा काही भाग कमी निघाला. गोष्टीशी याचा संबंध असा: चित्रं डावीकडून उजवीकडे मांडतात, त्यामुळे शेवटची दोन चित्रं नेमकी न दिसणाऱ्या बाजूला जातात. ‘शेवट सांगत नाही’ या तक्रारीचा एक भाग तिथेच सुटला. त्यानंतर चित्रं टेबलावर उभी, एकाखाली एक, आणि जरा डावीकडे सरकवून मांडायला सुरुवात झाली. शाळेतही बाक बदलून घेतलं, फळा आणि बाई तिच्या दिसत्या बाजूला येतील असं.

बुद्धिमापन चाचणीचा आग्रह शाळेकडून झाला आणि प्रमाणपत्रासाठीही ती मागतील असं कळलं, म्हणून तीही केली. आपल्याकडे बिने-कामत किंवा मिसिक वापरतात, सोबत सामाजिक परिपक्वतेसाठी व्हाइनलँड मापन असतं. खासगीत ३,००० रुपये लागले. अहवालात फक्त एक आकडा घेऊ नका. भाषिक आणि कृतीचे उपभाग वेगळे लिहून मागा. एका हाताने ठोकळे लावणाऱ्या मुलाचा वेळ धरून काढलेला आकडा काय सांगणार?

नोव्हेंबर: गोष्टीची तपासणी

थेरपिस्ट निवडताना एक गोष्ट पाहायची: भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. तो विचारल्यावर राग येत असेल तर दुसरीकडे जावं. पदवी बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा या विषयातली. दर परवडत नसेल तर प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचा पर्याय आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयातला विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचा आहे. तिथे विद्यार्थी देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त देतात आणि लिहून भरपूर ठेवतात. मात्र प्रतीक्षा असते आणि शैक्षणिक सत्र बदललं की हात बदलतो. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही, म्हणजे डीईआयसीत, ही सेवा मोफत असते. तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहे. केंद्राचा भर मुख्यतः सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवर असतो, आणि स्पीच थेरपिस्टचं पद भरलेलं आहे का हे आधी फोन करून विचारलेलं बरं. आम्ही नाशिकमध्ये खासगी घेतली: तपासणी १,५०० रुपये, पुढे ४५ मिनिटांच्या सत्राला ६००.

तपासणी दोन बैठकांत झाली. पहिलीत नेहमीचा भाग झाला, शब्द, वाक्यं, सूचना समजणं. त्यात काही निघालं नाही. खरं काम दुसरीत झालं आणि ते तीन प्रकारे झालं. एक, ऐकलेली गोष्ट परत सांगणं. दोन, शब्द नसलेल्या सहा चित्रांवरून स्वतः गोष्ट रचणं. तीन, स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग सांगणं. तिसऱ्यासाठी ‘तुझा एखादा अनुभव सांग’ असं विचारायचं नसतं, त्याला कोणतंच मूल दाद देत नाही. थेरपिस्टने आधी स्वतःचा छोटा प्रसंग सांगितला, ‘मागच्या आठवड्यात मला मधमाशी चावली, हात एवढा सुजला’, आणि मग सहज विचारलं, ‘तुला कधी काही चावलंय?’ तिन्ही प्रकारांत मुलाची कामगिरी वेगवेगळी येते. परत सांगणं सोपं, कारण साचा तयार मिळतो. कोणी फक्त त्यावरून ‘ठीक आहे’ म्हणत असेल तर तपासणी अर्धीच झाली आहे.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची. चित्रं फक्त मुलाला दिसतील अशी ठेवतात. ऐकणाऱ्यालाही चित्र दिसत असेल तर ‘हा इथे, तो तिथे’ म्हणून बोट दाखवलं की भागतं, आणि नाव घेण्याची गरजच उरत नाही. ऐकणाऱ्याने ‘हं’, ‘बरं’, ‘मग पुढे?’ याच्यापलीकडे बोलायचं नाही. ‘मग त्याला राग आला का?’ असं विचारलं की राग आपण पुरवलेला असतो. सगळं ध्वनिमुद्रित करून शब्दन् शब्द उतरवतात. एक मुख्य क्रियापद आणि त्याला जोडलेली गौण वाक्यं मिळून एक एकक धरतात, आणि मग मोजतात: एकूण एककं, त्यांतली जोडवाक्यं, ‘आणि मग’ सोडून वेगळे जोडशब्द, कोणाबद्दल बोलणं चाललंय ते न कळणाऱ्या जागा, ‘वाटलं’, ‘कळलं’ अशी मनाची क्रियापदं.

तिची पतंगाच्या चित्रांची पहिली गोष्ट अशी होती: ‘मुलगा आहे. पतंग आहे. मग झाड. मग चढला. मग आली. मग दिला.’

या सहा वाक्यांत काय नाही ते पाहा. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य चालतं. ‘चढला’, ‘आली’ म्हटल्यावर निदान मुलगा चढला, कोणीतरी मुलगी किंवा बाई आली, एवढं कळतं. पण ‘दिला’, ‘फेकला’, ‘घेतली’ यांचं रूप भूतकाळात कर्मावरून ठरतं, आणि कोणी दिला याचा त्यात मागमूस नसतो. म्हणून भूतकाळात प्रसंग सांगताना ‘ने’ लागलेलं नाव गळलं की ऐकणारा अंधारात जातो. शाळेतल्या ‘त्याने घेतला’ची तीच गत होती: ‘त्याने’ म्हणजे कोण हे तिच्या डोक्यात स्पष्ट होतं, बाहेर आलं नव्हतं. इंग्रजी पुस्तकांतून उचललेल्या थेरपीत हा मुद्दा येतच नाही, तो मराठीतच पकडावा लागतो.

अहवालात एक सूचना ठळक होती, दुसऱ्या निदानाचे कार्यक्रम जसेच्या तसे वापरू नका. ऑटिझम असलेली मुलं घटना सांगतात, पण पात्राला तसं का वाटलं याचा धागा अनेकदा सुटतो. विल्यम्स सिंड्रोम या जन्मजात जनुकीय विकाराची मुलं आवाज चढवून, ‘अरे बापरे!’ करत ऐकणाऱ्याला खिळवून ठेवतात, पण घटनांची साखळी तुटक राहते. आमच्या मुलीला भावना कळत होत्या, माणसांची ओढ होती. अडचण होती ती जोडणीची आणि ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बोलण्याची. बाजारात मिळणारी ‘सामाजिक कौशल्यां’ची कार्डं, चेहरे ओळखा, हसरा कोणता, रडका कोणता, ही तिला पहिल्याच दिवशी कंटाळवाणी झाली, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

डिसेंबर ते एप्रिल: थेरपी

आठवड्याला दोन सत्रं, घरी रोज दहा मिनिटं. महिन्याचा खर्च ४,८०० रुपये, प्रवास वेगळा.

पायाभूत साधन म्हणजे सात छोट्या चित्रांची पट्टी. पुठ्ठ्यावर घरी करता येते: कोण, कुठे-केव्हा, काय घडलं, कसं वाटलं, काय करायचं ठरवलं, काय केलं, शेवटी काय झालं. प्रत्येक खूण साधी ठेवायची, माणूस, घर, वीज, हृदय, डोक्यावरचा ढग, धावणारे पाय, झेंडा. आमची पट्टी आधी सांगितल्याप्रमाणे उभी आहे. एकेक चौकोन सुमारे पाच सेंटिमीटरचा असावा, म्हणजे न चालणाऱ्या हाताच्या मुठीने पट्टी दाबून चालत्या हाताने खडा सरकवता येतो. जो भाग सांगून झाला त्यावर खडा. मोकळा चौकोन दिसला की मुलाला स्वतःलाच कळतं काय राहिलं. ‘विसरलीस’ असं कोणी म्हणावं लागत नाही.

क्रम असा चालला. पहिले तीन आठवडे थेरपिस्ट गोष्ट सांगायची आणि मुलगी फक्त खडे ठेवायची, बोलायचं काही नाही. ही पायरी आईवडिलांना फुकटची वाटते. पण गोष्टीचे भाग ओळखता आले नाहीत तर सांगता कुठून येणार? नंतर तीन चित्रांची गोष्ट परत सांगणं. मग पाच-सहा चित्रांची. मग चित्रं काढून फक्त पट्टी. मग पट्टी उलटी ठेवून. आणि शेवटी, मार्चच्या सुमारास, स्वतःचा प्रसंग पट्टीवर बसवणं. प्रत्येक पायरीवर गोष्टी बदलत राहायच्या. एकच गोष्ट आठवडाभर घोटली की मूल ती पाठ करतं, टाळ्या मिळतात, आणि नवीन चित्रं ठेवली की पुन्हा ‘मुलगा आहे, पतंग आहे’. पाठांतर झालंय का हे तपासायला थेरपिस्ट मुद्दाम मधलं चित्र बदलते. मूल जुनीच गोष्ट म्हणत राहिलं तर उत्तर मिळालं.

गोष्ट सांगताना हातवारे भरपूर करावेत. हा घरगुती सल्ला वाटतो, पण त्यामागे काम झालेलं आहे. शिकागोच्याच गटाने २०१४ मध्ये दाखवलं की सांगणाऱ्याने हातवाऱ्यांसह गोष्ट सांगितली तर इजा झालेली मुलं ती परत सांगताना रचना अधिक चांगली धरतात. हात नुसते हलवायचे नाहीत. मुलगा डाव्या हाताला, ताई उजव्या हाताला अशी जागा ठरवायची आणि गोष्ट संपेपर्यंत ती बदलायची नाही. कीर्तनकार बुवा हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत.

जोडशब्दांचं काम वेगळं चाललं. ‘म्हणून’ आधी, ‘कारण’ नंतर. ‘म्हणून’मध्ये घटना घडल्या त्याच क्रमाने सांगता येतात, ‘कारण’ला मागे वळावं लागतं. ‘पण’ आणि ‘तरी’ त्याहून अवघड, आणि ‘जेव्हा-तेव्हा’ सगळ्यांत शेवटी. एका आठवड्याला एकच शब्द, आणि तो घरातल्या खऱ्या गोष्टींवर: गॅस संपला म्हणून काय झालं? पाऊस होता तरी आबा कुठे गेले? वहीत लिहिण्याच्या जोडशब्दांच्या सरावाने बोलण्यात फार फरक पडत नाही.

घरच्या सरावात अडतं ते बहुतेक मोठ्यांमुळे. मूल अडखळलं की वाक्य आपण पूर्ण करतो. थेरपिस्टने सांगितलेला नियम असा: मनात पाच अंक मोजायचे, मग पट्टीवरच्या मोकळ्या चौकोनाकडे बोट दाखवायचं, आणि तरीही नाही आलं तर दोन पर्याय द्यायचे. मधेच व्याकरण दुरुस्त करायचं नाही. ‘तो गेली’ म्हटलं तर गोष्ट संपल्यावर ते वाक्य आपण बरोबर करून सहज पुन्हा म्हणायचं. दमलेलं मूल सराव करत नाही, म्हणून फिजिओथेरपीच्या दिवशी गोष्ट नाही. आणि झटका आला असेल तर पुढचे दोन दिवस काहीच नाही.

संवादासाठी सर्वांत उपयोगी साधन निघालं साधा फोन. व्हिडिओ कॉल नव्हे. व्हिडिओवर मूल वस्तू कॅमेऱ्यासमोर धरतं आणि बोलणं वाचवतं. साध्या फोनवर आजीला काहीच दिसत नसतं, तिला सगळं शब्दांतच हवं असतं. आजीला आधी एवढंच शिकवलं की कळलं नाही तर ‘हो का, छान’ म्हणायचं नाही, ‘कोण गं?’ असं विचारायचं. त्यावर मूल काय करतं हेच पाहायचं असतं. सुरुवातीला मुलं तेच वाक्य मोठ्याने म्हणतात. नंतर नाव घालतात. त्याहून पुढे, ‘आमच्या वर्गातला, तो चष्मेवाला’ अशी ओळख जोडतात. ही तिसरी पायरी यायला एप्रिल उजाडला. सामाजिक भाषा म्हणतात ती बरीचशी या दुरुस्तीतच आहे.

खेळात शिरणं हा वेगळा धडा होता. ‘मी येऊ का?’ विचारलं की ‘नको’ ऐकायची तयारी ठेवावी लागते. थेरपिस्टने दुसरी वाट शिकवली: आधी जवळ उभं राहून खेळ पाहायचा, मग खेळाला धरून एखादं वाक्य टाकायचं, ‘लगोरी पडली, तिकडून दगड आणू?’ आणि मग काम मागायचं. हेमिप्लेजिया असलेल्या मुलाला पळण्यापेक्षा दगड रचणं, गडी मोजणं, राज्य ठरवणं अशी कामं सुरुवातीला सोपी जातात. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चाही सराव झाला. मुख्याध्यापकांना ‘तू कुठे चाललास?’ म्हणणारं मूल उद्धट नसतं, पण शिक्षा मात्र उद्धटपणाची होते.

जानेवारी ते जून: शाळा आणि कागद

शाळेला अहवालाची जाड फाइल देऊ नका. एका पानावर चार-पाच वाक्यं पुरतात. आमच्या पानावर एवढंच होतं: उजवीकडचं कमी दिसतं, तोंडी उत्तराला वेळ द्या, ‘काय झालं?’ऐवजी ‘कोण होतं? आधी काय झालं?’ असं विचारा. भांडण झालं तर पट्टी समोर ठेवून विचारा. चित्रवर्णनाला चित्रं सुटी द्या. वर्गशिक्षिकेने पट्टीचा मोठा तक्ता करून भिंतीवर लावला आणि सगळ्या वर्गाला वापरायला दिला. मराठी शाळांत समग्र शिक्षाअंतर्गत विशेष शिक्षक गटसाधन केंद्रातून भेट देतात. मुलाचं नाव विशेष गरजा असलेल्यांच्या यादीत आहे का ते शाळेत विचारून घ्यावं, नसेल तर भेट होतच नाही.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आमच्याकडे नव्हतं, ‘बोलते-चालते, कशाला?’ म्हणून राहून गेलं होतं. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर केला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद चढवायचे, मग रुग्णालयाने दिलेल्या दिवशी मंडळासमोर जायचं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. सेरेब्रल पाल्सी त्यात आहे, आणि मेंदूच्या कारणाने आलेलं वाचा व भाषा दिव्यांगत्वही आहे. पण गोष्ट सांगता न येणं त्या दुसऱ्यात सहसा मोजलं जात नाही, तिथे वाचाघातासारखं, म्हणजे मेंदूच्या इजेने वाचा जाण्यासारखं, कायमचं आणि ठळक नुकसान पाहतात. अर्जात मुख्य प्रकार सेरेब्रल पाल्सी ठेवला आणि थेरपिस्टचा व डोळ्यांचा अहवाल सोबत जोडला. मूळ एमआरआयची फिल्म न्यावी, नुसत्या अहवालावर एका खिडकीने परत पाठवलं. अर्जापासून दिव्यांगत्वाचं कार्ड हातात यायला साडेतीन महिने गेले. कार्ड पिवळं आलं, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त आणि ८० च्या खाली, मुदतीचं.

त्याचा उपयोग दोन ठिकाणी झाला. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चारांसाठी आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं आणि थेरपीच्या बिलांचाही ठरावीक मर्यादेत परतावा मिळतो. त्यासाठी प्रत्येक सत्राची पावती हवी, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह. कोऱ्या कागदावरची बेरीज चालत नाही. दुसरं, प्राप्तिकरात तेव्हाच्या कलम ८०डीडीखाली जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट मिळाली. सेरेब्रल पाल्सीसाठी तेव्हा फॉर्म १०-आयए हा वैद्यकीय दाखला लागायचा. असा फॉर्म मेंदूविकारतज्ज्ञाच्या भेटीच्या दिवशी छापून सोबत न्यावा, म्हणजे सहीसाठी पुन्हा खेप पडत नाही.

जून २०२४ मध्ये फेरतपासणी झाली, नवीन चित्रांवर, म्हणजे सरावाचा फायदा मोजला जाऊ नये म्हणून. त्यातला एक तुकडा: ‘एक मुलगी बाजारात गेली होती. तिच्या पिशवीला भोक होतं म्हणून लिंबं पडली. तिला कळलंच नाही. मागून एक आजोबा आले, आजोबांनी लिंबं गोळा केली. तिला वाटलं आजोबा रागावणार, पण त्यांनी दिली.’ ‘त्यांनी दिली’त काय दिली हे गळलंय, पण कोणी दिली ते आता आहे. मनाची क्रियापदं दोन, ‘म्हणून’ एकदा, ‘पण’ एकदा. स्वतःचा प्रसंग सांगताना मात्र अजून क्रम उलटतो, आणि वर्गात घाईत विचारलं तर जुनं ‘मग, मग’ परत येतं.

तिसरीपासून सत्र आठवड्याला एकच केलं आहे. पुढचं उद्दिष्ट लिहिलेली गोष्ट. तिथे अक्षराचा भार पडून रचना पुन्हा कोसळते, असं थेरपिस्टने आधीच सांगून ठेवलं आहे, म्हणून आधी बोलून ध्वनिमुद्रित करायचं, मग ऐकत लिहायचं, असा मार्ग ठरला. दर महिन्याला एक ध्वनिमुद्रण ठेवतो, फाइलच्या नावात तारीख आणि कोणती चित्रं होती ते. पुढची फेरतपासणी डिसेंबरमध्ये आहे, आणि तिच्यासाठीची चित्रं थेरपिस्टने आत्तापासूनच आम्हाला न दाखवता बाजूला काढून ठेवली आहेत.